तक्त्यावरची फुली

चिमाबाई भुशीची. लोणावळ्याच्या एका खाजगी आरोग्यधामात ती अकरा वर्षं आया होती. अक्षरओळख नव्हती, पण घड्याळ कळे आणि खाटेला टांगलेला औषधांचा तक्ताही कळे. जुन्या डॉक्टरांनी तिला शिकवलं होतं: वेळेखालचं घर कोरं असेल तर उशाच्या बाटलीतली गोळी द्यायची, फुली असेल तर द्यायची नाही. सकाळचं औषध नर्स देई, बारा आणि तीनचं चिमाबाई. तिची वेळ कधी चुकली नव्हती, आणि ते ती चारचौघांत सांगेही.

बासष्ट साली नवे डॉक्टर आले. ते गोळी द्यायची तिथेच फुली मारत, बाकी घरं कोरी सोडत. नर्सला त्यांनी हे समजावलं. आयाला सांगायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

नव्या पद्धतीचा पहिला तक्ता परंदवडीच्या महिपती आबांच्या खाटेला लागला. हृदयाचं दुखणं, दिवसाला एकच गोळी, सकाळी आठला. बारा आणि तीनची घरं कोरी होती. चिमाबाईने दोन्ही वेळा गोळी दिली. रोज दिली.

तिसऱ्या दिवशी आबांना उलट्या सुरू झाल्या, सगळं पिवळं दिसू लागलं. तिने नर्सला सांगितलं. दुखणंच तसलं आहे, म्हणून नर्सने ते उडवून लावलं. चौथ्या दिवशी तीनला आबांनी तोंड फिरवलं.

"नगं गं चिमे. ह्या गोळीनंच जीव चाललाय माझा."

"डाक्टरांनी लिवलंय, आबा," ती म्हणाली. गाल दाबून तिने गोळी आत सारली आणि गिळेपर्यंत हनुवटी धरून ठेवली.

पहाटे आबा गेले.

बाटली निम्मी रिकामी बघून डॉक्टरांनी तिला बोलावलं. तिने न घाबरता सगळं सांगितलं, अगदी वेळांसकट. फुलीचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो, असं म्हणून त्यांनी तिला त्याच दिवशी काढून टाकलं. वर बजावलं, बाहेर बोललीस तर फौजदाराकडे देईन. आबांच्या घरच्यांना कळवलं की हृदय थकलं होतं.

पुढे ती खाणीवर खडी फोडू लागली. दिवाळीआधी वडगावच्या बाजारात आबांची बायको, बयाबाई, समोर आली; आबांना दाखल करताना तिने चिमाबाईला पाहिलं होतं. तिने चिमाबाईचे दोन्ही हात धरले.

"आमी कुनी जवळ नव्हतो. तुमी तरी त्यास्नी येळच्या येळी औषध दिलंत."

"व्हय," चिमाबाई म्हणाली.

बयाबाईने तिच्या ओटीत चार पेंडखजूर घातले. ते घेऊन ती एसटीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.