सिपेलीला विरोधक पाहिजे

माझा आतेभाऊ सिपेली पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा त्याच्या अंगणात नीरफणसाच्या झाडाखाली एक अर्धवट कोरलेली होडी पडली होती. "निवडणूक आटोपली की पुरी करतो, मग तुला बसवून पार समुद्रातल्या खडकाच्या टोकापर्यंत नेतो," असं त्याने बायकोला, एसेताला, सांगून ठेवलं होतं. सिपेली निवडून आला आणि होडीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. त्या कोंबड्यांच्या किती पिढ्या तिथे वाढल्या ते एसेतालाच विचारा.

त्या वेळी त्याच्यासमोर शाळेचे हेडमास्तर उभे होते. गावच्या हिरवळीवर ते विकासावर इतकं बोलले की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं टोपीआड झोपली. मग आमचा भाऊ उठला. "मला बोलता येत नाही. पण मी इथेच असतो," एवढं म्हणाला आणि बसला. आमच्या निउए बेटावर जो तो ऑकलंडच्या विमानाकडे डोळे लावून असतो. गावातली निम्मी घरं कुलूपबंद आहेत. त्यामुळे ते वाक्य लोकांना भिडलं. हेडमास्तर हरले आणि लवकरच तेही ऑकलंडला गेले.

इथेच असतो म्हणाला आणि खरंच राहिला, फक्त स्वतःच्या घरी सापडेनासा झाला. कुणाचं डुक्कर पाण्याच्या टाकीत पडलं, बोलवा सिपेलीला. कुणाच्या पोराचे पहिले केस कापायचे आहेत, भाषणाला सिपेली. कुणाची कबर खणायची आहे, फावडं घेऊन सिपेली आधी हजर. वर राजधानीत, आलोफीला, विधानसभेच्या बैठका. समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यांचा कठडा वादळाने नेला, तेव्हा विनंत्या करून करून तो वैतागला आणि कठड्याचा उरलेला गंजका तुकडा खांद्यावर टाकून थेट सभागृहात शिरला. तो तुकडा मंत्र्यांच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "एवढा शिल्लक आहे. बाकीचा समुद्रात आहे, हवा असेल तर तोही आणून देतो." मंत्र्यांना हसू आवरेना. कठडा झाला. चर्चच्या हॉलचा उरलेला रंग वापरल्यामुळे तो गुलाबी झाला, आणि त्याबद्दल मी सिपेलीला अजून माफ केलेलं नाही.

पुढे त्याच्याविरुद्ध उभं राहायलाच कुणी उरलं नाही. लागोपाठ तीन वेळा तो बिनविरोध आला. तुम्हाला वाटेल, केवढा मान! पण बिनविरोध म्हणजे गावात मतदान नाही, मतदान नाही म्हणजे हिरवळीवर मांडव नाही, जमिनीतल्या भट्टीत भाजलेलं डुक्कर नाही, आणि रेडिओवर आमच्या गावाचं नाव शिंक आल्यासारखं येऊन जातं. तरी तो खूश होता. मग एका जेवणावळीत शेजारच्या गावचा आमदार विलिआमी सगळ्यांदेखत त्याला म्हणाला, "तुला कुणी निवडलेलं नाही रे. सगळे विमानात चढले, तू खाली राहिलास. तुमच्याकडे त्यालाच आमदार म्हणतात!"

पंगतभर हशा पिकला. सिपेलीही हसला. पण माझ्या गाडीतून परत येताना आपलं घर मागे गेलं तरी त्याला कळलं नाही.

"ताई," तो एकदम म्हणाला, "खरं सांग. मी गावाला हवाय, की नुसता उरलोय?"

"गप रे. त्या विलिआमीला कधीपासून मनावर घ्यायला लागलास?"

"त्याच्याविरुद्ध दोघं उभे असतात. त्याला कळतं तरी. मला कसं कळणार?"

मी गाडी मागे वळवली. घर येईपर्यंत त्याने ठरवून टाकलं होतं की या खेपेला आपल्याला विरोधक पाहिजे.

विरोधक शोधणारा आमदार मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. तो चर्चच्या वडीलधाऱ्यांकडे गेला, त्यांनी दुखरा गुडघा दाखवला. टपाल कचेरीतल्या माणसाकडे गेला, त्याने विचारलं, "सभेला सकाळी लवकर उठावं लागतं का?" आणि उत्तर ऐकून दार लावून घेतलं. शेवटी तो मानोगीवहिनींकडे पोचला. मानोगी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची विधवा. टोप्या विणण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही आणि तोंडाला तर कुणीच लागत नाही.

"माझं डोकं फिरलंय का?" त्या म्हणाल्या. "एकही मत पडलं नाही तर रविवारी चर्चमध्ये कुठल्या तोंडाने जाऊ?"

"पडतील, वहिनी. तुमची शोभा मी होऊ देईन का? चार-पाच मतं मी स्वतः मिळवून देतो."

"आणि डुक्कर कोण देणार?"

"तेही मीच."

"मग राहते उभी."

आता वहिनींसाठी चार-पाच मतं मागायची म्हणून सिपेली एका घरी गेला. पण आमच्याकडे एका घराची पायरी चढलात की पुढच्याचीही चढावी लागते. एकाकडे चहा घेतला आणि शेजाऱ्याकडे नाही, तर तो शेजारी पुढच्या लग्नापर्यंत तोंड फिरवून बसतो. त्यामुळे तो दुसऱ्या घरी गेला, मग तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी तेच, "मला भरपूर आहेत हो. तुमचं एक वहिनींना द्या. बाईमाणसाची लाज राखा." माझ्याकडेही आला.

"किती घरांत सांगितलंस?" मी विचारलं.

"थोड्याच."

"म्हणजे किती?"

"तुझं शेवटचं," तो म्हणाला आणि चहात बिस्किट बुडवलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. त्याला वाटलं डास आहे.

मतदानाचा शनिवार मात्र असा झाला की विचारू नका! हिरवळीवर मांडव, भट्टीतून निघालेलं डुक्कर, नारळाच्या दुधातले अळूचे कंद, पोरांची धावाधाव. दोन्ही उमेदवार एकाच पानावर जेवले आणि एकमेकांना मोठे तुकडे वाढत राहिले. सिपेली मत देऊन आला तो चोरून साखर खाल्लेल्या पोरासारखा. वहिनी नवी टोपी घालून गेल्या आणि टोपी सावरत आल्या. एसेता गेली, बाहेर आली आणि सरळ भट्टीपाशी जाऊन पानं आवरू लागली.

मतमोजणीला आलोफीहून एक तरुण अधिकारी बाई आल्या होत्या. त्यांनी चिठ्ठ्या मोजल्या, परत मोजल्या, चष्मा पुसून आणखी एकदा मोजल्या. मग म्हणाल्या, "मानोगी, एकोणीस. सिपेली, अठरा."



"कोण मानोगी?" मानोगीवहिनींनी विचारलं.

सिपेलीचा चेहरा पांढरा पडला होता. तरी तोच आधी उठला, वहिनींच्या गळ्यात त्याने स्वतःची शिंपल्यांची माळ घातली आणि टाळ्या वाजवल्या. मला इतकं वाईट वाटलं की मी तिथेच रडले, आणि मग गावाचा असा संताप आला की उरलेलं डुक्कर कुणाला न वाढता घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर मी त्याच्याकडे गेले, तर दारात रांग! प्रत्येकाच्या हातात पानात बांधलेली ताकिही, पपई आणि अळूच्या कंदाची, अजून गरम. टपालवाला सगळ्यांत पुढे. "सिपेली, मला वाटलं बाकीचे तुलाच देणार. तू म्हणालास म्हणून मी आपलं एक..." त्याच्या मागचा म्हणाला, "मलाही तसंच वाटलं." तिसरी बाई तर हुंदके देत होती, "तू पहिल्यांदाच काहीतरी मागितलंस रे! नाही कसं म्हणणार?"

ताकिहीचा ढीग वाढत गेला तसा सिपेलीच्या चेहऱ्यावर रंग परत आला. शेवटी तो मांडीवर थाप मारून हसू लागला. "ताई, ऐकलंस? सगळ्यांनी माझं ऐकलं!"

"मी नाही ऐकलं," मी म्हणाले. "मी तुलाच मत दिलं. लहानपणापासून तुझं ऐकायची मला सवय नाही."

"पण सगळ्यांत मोठा गाढव मीच," तो म्हणाला. "माझंही मत वहिनींनाच आहे. एका मताने पडलो, ते माझंच!"

तेवढ्यात वहिनी रांग मोडून आत शिरल्या. "मूर्खा, मी माझं तुला दिलंय! बाईमाणूस असले तरी मला रीत कळते."

सगळे बोटांवर हिशेब करू लागले. त्याचं तिला, तिचं त्याला, म्हणजे फिटंफाट. "मग मला पाडलं कुणी?" सिपेली हसत हसत म्हणाला.

"मी," आतून आवाज आला.

एसेता दारात आली. तिच्या हाताला नारळाचा कीस लागला होता.

"तू? तुलाही मीच सांगितलं होतं का?"

"तू कधी सांगणार? सगळ्या घरांत फिरलास, आपलं सोडून." ती अजिबात चिडलेली नव्हती. "गावाला तू हवास की नाही, ते तू आणि गाव बघा. मला तू हवा होतास. म्हणून जाऊबाईंना दिलं."

टपालवाला उगीचच छताकडे बघू लागला. वहिनींनी डोळ्यांना टोपी लावली. सिपेली उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. मग तो अंगणात गेला. रविवारी आमच्याकडे कुणी हत्याराला हात लावत नाही, म्हणून त्याने नुसत्या कोंबड्या हाकलल्या, होडीतली अंडी गोळा केली आणि आणून एसेताच्या ओंजळीत ठेवली.

सोमवारी उजाडल्यापासून त्याच्या अंगणात लाकूड तासल्याचा आवाज चालू होता. मी कुंपणापाशी उभी होते तेव्हा मानोगीवहिनी लगबगीने आल्या. बुधवारी सभेत पहिलं भाषण होतं आणि त्यांना काय बोलावं सुचत नव्हतं.

एसेताने त्यांना फाटकातच थांबवलं.

"आज नाही, जाऊबाई," ती म्हणाली. "आज तो घरी आहे."