पडेगावच्या पुढच्या कॉलनीत आईचा मुक्काम

या ब्लॉगवर आतापर्यंत मी स्पितीबद्दल लिहिलं, कोडाईकनालबद्दल लिहिलं, भूतानबद्दल तर तीन भाग लिहिले. या वेळचा प्रवास रिक्षानं झाला. पुंडलिकनगरातल्या आमच्या घरून निघालो आणि पडेगावच्या पुढे, दौलताबाद रस्त्याला लागून झालेल्या बंगल्यांच्या कॉलनीत उतरलो. शहर एकच. तरीही मी याला प्रवासच म्हणणार.

जायचं कारण सरळ सांगते. मला पुण्यात नोकरी मिळत होती आणि होकार कळवायचा होता. बाबा गेल्यापासून घरात आई आणि मी दोघीच. तिला एकटी ठेवून जायचं माझ्या जिवावर आलं होतं. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, गेल्या वर्षी तिकडे बंगला घेतला. आईला कायमची इकडेच आण, असं तो आणि वहिनी दोघंही म्हणत होते, आणि मनापासून म्हणत होते. शेवटी ठरलं की काही दिवस राहून बघायचं. आईला आवडलं तर ती तिथे राहील आणि मी पुण्याला जाईन. तिला ते आवडावं म्हणून मी बॅग भरतानाच देवाला साकडं घातलं.

निघताना आईनं घराची किल्ली शेजारच्या शबानाभाभींकडे दिली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी अख्खी गल्ली घरी असते. जो घरी नसेल त्याचा हौद शेजारी भरतो, कुणाची टाकी वाहायला लागली तर जो पहिला बघेल तो आत शिरून मोटार बंद करतो. यात विचारायचं काही नसतं. आई इतकी वर्षं अशीच राहत आली आहे.

रिक्षाचं भाडं आधी ठरवा, कारण परतीचं गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून रिक्षावाले तिकडे यायला कुरकुरतात. आईनं आधी औरंगपुऱ्याला थांबायला लावलं आणि मेथीच्या जुड्या, गवार, लिंबं अशी पिशवीभर खरेदी केली. दादाकडे सगळं घरपोच येतं म्हटलं, तर म्हणाली की भाजी हातानं निवडून घ्यावी. मग बाबा पेट्रोल पंपाचा चौक, नगर नाका, छावणी. छावणीतली झाडं बघून तिला बरं वाटलं. पडेगाव मागे पडलं तशी दुकानं विरळ झाली आणि कॉलनीची कमान आली. वॉचमननं आमची नावं विचारली, मोबाइलवर दादाची परवानगी घेतली आणि मेथीच्या पिशवीतही डोकावून पाहिलं.

बंगला सुरेख आहे, यात वाद नाही. गच्चीवरून दौलताबादचा किल्ला दिसतो. आईसाठी खालची खोली, मऊ गादी, बाथरूममध्ये धरायला दांडा. वहिनीनं सगळं विचारपूर्वक केलं होतं. जेवायला शेवगा घातलेलं वरण आणि बाजरीची भाकरी होती, भाकरी करायला खास बाई बोलावली होती. नळाला चोवीस तास पाणी. आईनं तो सोडला, बंद केला, परत सोडला. आणि रात्री झोपण्याआधी दोन बादल्या भरून ठेवल्या. जित्याची खोड, दुसरं काय. वहिनी हसली आणि मीही हसले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलनी पायी हिंडले. रस्ते गुळगुळीत, दोन्ही बाजूंना बोगनवेल, आणि दिवसा रस्त्यावर माळी आणि सामान पोचवणाऱ्या स्कूटरी सोडल्या तर कुणीच नाही. कोपऱ्यावर दुकान नाही, काडेपेटी हवी असली तरी गाडी काढावी लागते. संध्याकाळी मात्र बागेभोवतीच्या वाटेवर बरीच माणसं चालतात, कानात तारा घालून, सगळी एकाच दिशेनं. कुत्र्यांना नावं आहेत, माणसं बंगल्याच्या नंबरानं ओळखली जातात. आई बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसत होती. दोघीतिघी हसल्याही. मला वाटलं, जमेल. मी पुण्यात खोली शोधायला लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादा-वहिनी कामावर होते आणि मी गच्चीवर फोटो काढत होते. शेजारच्या बंगल्याची टाकी भरून वाहायला लागली. घरात कुणी नव्हतं. पाणी भिंतीवरून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर. आईनं खालून मला हाक मारली, दोन मिनिटं इकडेतिकडे पाहिलं, आणि मी खाली येईपर्यंत ती त्यांचं फाटक उघडून आत गेली होती. पायरीशी चपला काढल्या, व्हरांड्यातलं मोटारीचं बटण दाबलं, चपला घातल्या आणि बाहेर आली. पदराला हात पुसत मला म्हणाली, "लई पानी गेलं गं."

त्या व्हरांड्यात कॅमेरा होता. वॉचमन शिट्टी वाजवत आला. तोवर कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आईचा फोटो पडला होता, अनवाणी, बटणावर हात ठेवलेली, आणि खाली प्रश्न की ही बाई कोण आहे. पाठोपाठ बऱ्याच जणांनी तोच प्रश्न विचारला. ज्या दोघीतिघी बागेत हसल्या होत्या, त्याही बहुधा त्या ग्रुपमध्ये असाव्यात. दादानं ऑफिसातूनच उत्तर टाकलं आणि प्रकरण मिटलं.

संध्याकाळी तो घरी आला. आईला इतकंच म्हणाला की इथे असं कुणाच्या घरात जात नाहीत. वहिनी मोबाइल टेबलावर ठेवून आत गेली, तेव्हा आईनं तो उचलून माझ्यापुढे धरला. उत्तर इंग्रजीत होतं. तिनं विचारलं, "काय लिवलंय त्यानं?"

दादानं लिहिलं होतं की त्या गावाकडून आलेल्या पाहुण्या आहेत, पुन्हा असं होणार नाही, क्षमस्व. 'आई' हा शब्द त्यात नव्हता. आणि पुंडलिकनगर, जिथे तो स्वतः लहानाचा मोठा झाला, ते रिक्षाच्या अंतरावर असूनही गाव झालं होतं.

खोटं सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. 'माझी आई आहे, असं लिहिलंय' एवढं म्हटलं असतं तर ती कदाचित राहिली असती आणि मी सुटले असते. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी आहे तसं वाचून दाखवलं. मला दादाचा राग आला, आणि पुणं हातचं गेलं म्हणून थोडा आईचाही आला.

आईनं मोबाइल परत टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "मंग पाव्हण्यानं निघावं आता." आवाजात राग नव्हता. पिशवीत साड्यांची घडी ठेवताना तिनं मला जवळ बोलावलं. "तू जा पुन्याला. माझ्यापायी थांबू नको."

तुझ्याकडे कोण बघेल, असं मी विचारलं.

"गल्ली हाये की."

सकाळी दादानंच आम्हाला गाडीनं सोडलं. नगर नाक्याला त्यानं विचारलं की, आई, खोलीत काही कमी होतं का. काहीच कमी नव्हतं, असं ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

तर तुम्हाला तिकडे घर घ्यायचं असेल तर माझं प्रामाणिक मत: हवा छान, रस्ता चांगला, पाणी भरपूर, गच्चीवरची संध्याकाळ बघण्यासारखी. तिथली माणसं वाईट नाहीत, त्यांना फक्त एकमेकांची गरज पडत नाही. मी पुण्याला होकार कळवला आहे, पुढच्या महिन्यात जाईन. जीव थोडा टांगणीला राहील, पण जाईन.

पण पोचल्यावरची एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या गल्लीत त्या दिवशी पाणी आलं होतं. सगळीकडे नळ्या पसरलेल्या, आमच्या दाराचं कुलूप उघडं आणि शबानाभाभींची नळी आमच्या हौदात. "फिकर नक्को करो खाला, भरतच आलाय तुमचा हौद," त्या आईला म्हणाल्या; त्या तिला खाला, म्हणजे मावशीच म्हणतात. त्यांची सून निखत याच वर्षी लग्न होऊन आलेली, तिनं दादाला कधी पाहिलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात बॅग घेऊन उभा असलेला माणूस बघून तिनं हळूच विचारलं, "ये कौन हैं दादी, मेहमान?"

सगळी गल्ली बाहेरच होती. आईनं नळी सारखी केली आणि म्हणाली, "मेहमान नाय. माझा लेक हाये. थोरला."

दादानं बॅग ओट्यावर ठेवली. पँट घोट्याच्या वर दुमडली, आईच्या हातातली नळी घेतली आणि हौद भरेपर्यंत मान खाली घालून उभा राहिला.