होपवाले पाहुणे

घरात इंग्रजीचा मास्तर असला की पाहुणे अचानक येतात. म्हणजे ते सांगूनच येतात, पण मास्तर त्यांचं सांगणं खोडून काढतो!

तो मास्तर मी. धाकट्या बहिणीला, वनिताला बघायला तिरोड्याकडचं स्थळ यायचं होतं. आधीची स्थळं हातची गेलेली, त्यामुळे मायचा जीव टांगणीला. शनिवारी मुलाचा इंग्रजीत एसेमेस आला, उद्या यायचं ‘होप’ करतो म्हणून. झालं! माझ्यातला मास्तर जागा झाला (तो झोपतच नाही, असं बायको म्हणते).

“होप म्हणजे नुसती आशा! यायची खात्री असती तर एक्स्पेक्ट लिहिलं असतं. अँटिसिपेट असतं तर आपण आतापासून तयारीला लागायचं. इथं होप आहे. कोणी येत नाही!”

“पक्कं ना?” मायनं विचारलं.

“शंभर टक्के!”

रविवारी मायनं समोरची छपरी, म्हणजे ओसरी, शेणानं ओलीकच्च सारवली. वनितानं डोक्यावर मेंदी थापली. बाबांनी अंगणात स्कूटर खोलली. मी मिशीला काळं लावायला बसलो, आणि दारात जीप थांबली!

“दादा, तुहा होप येऊन राहिला!” वनिता किंचाळली आणि न्हाणीघरात घुसली.

मी ब्रश घेऊनच धावलो. “या, या! नाही, थांबा! पाय नका ठेवू!” अर्धी मिशी काळी, अर्धी पांढरी. पाहुणे ओल्या छपरीच्या काठावर रांगेत उभे.

“काऊन जी, पोरानं सांगतलं नाई का?” मुलाच्या आईनं विचारलं.

“सांगतलं ना! पन आमचा मास्तर म्हने, येत नाई!” मायनं मला तिथंच विकून टाकलं.

“अवं, मीच लिवाले सांगतलं, पाहू, जमलं तं येऊ. पक्कं येतो म्हननारा कधी येते का?”

“तेच तं!” माय म्हणाली. दोघींचं जमलंसुद्धा! माझा असा संताप झाला! हे ठाऊक होतं, तर काल मला विचारलं कायले?

मेंदीचे ओघळ पुसत वनितानं चहा आणला. मुलगा माझ्या मिशीकडे बघून हसत होता, मग तिच्याकडे बघून हसला. संध्याकाळी त्याचा एसेमेस आला, पुन्हा भेटायला ‘लुकिंग फॉरवर्ड’ आहे म्हणून.

मी घसा खाकरला. “आता लुकिंग फॉरवर्ड म्हणजे...”

“दादा!” वनितानं मोबाईल हिसकावला. “तू अर्थ सांगशील तं हेबी स्थळ जाईन!”

लग्न थाटात झालं. एकुलता एक भाऊ म्हणून मलाही मानाचं काम मिळालं. बाबांनी मांडवाच्या दारात उभं केलं आणि बजावलं, “येईल त्याले ‘या’ म्हन. दुसरा शब्द नोको!”