सरकारच्या आधी आत्या

माझ्या आत्याच्या नवऱ्याइतका भांडायला नालायक माणूस अख्ख्या निजामाच्या राज्यात झाला नसेल. रागवायची इच्छा त्यांना भरपूर असे, कारणंही मिळत. पण भांडण त्यांच्या हातून शेवटाला जातच नसे. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. देगलूरच्या तहसील कचेरीबाहेर, लिंबाखाली सतरंजी टाकून ते लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देत. पंचवीस वर्षं हेच केलं. अर्जाची एक ठरलेली रीत होती: आधी सरकारच्या मेहरबान्या एकामागून एक मोजायच्या, आपण हुजुरांचे किती मिंधे आहोत ते सांगायचं, आणि मग अगदी तळाशी, जागा उरली तर, गाऱ्हाणं. ही रीत मामांच्या अशी अंगात मुरली की घरीदारी त्यांना दुसरं बोलताच येईना.

एकदा भाजीवाल्यानं किडकी वांगी दिली. मामा तणतणत परत करायला गेले. मी त्याच कचेरीत नवा कारकून लागलो होतो, त्यांच्याकडेच राहत होतो. म्हटलं, बघू तरी गंमत, म्हणून मागोमाग गेलो. मामांनी सुरुवात केली, "मागच्या उन्हाळ्यात तुम्ही आम्हाला पाजलेलं पाणी, पोळ्याला दिलेली कोवळी भेंडी, हे फिदवी विसरलेला नाही..." फिदवी म्हणजे आपला नम्र सेवक, अर्जातला. भाजीवाला ऐकता ऐकता इतका विरघळला की त्याला रडू फुटायचं बाकी राहिलं. मामा आणखी शेरभर वांगी घेऊन घरी आले. तीही किडकीच होती.

घरातही तेच. आमटी अळणी झाली की मामा हात जोडून म्हणत, "हुजूर, आपल्या हातच्या कालच्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे, परवाचं वरण तर..." असं करत ते श्रावणापर्यंत मागं जात आणि मिठाचं नाव निघेपर्यंत ताट रिकामं झालेलं असे. मी हसून हसून बेजार. आत्या मात्र हसत नसे. "पुरे झालं. कचेरीची भाषा कचेरीत ठेवून येत जा," एवढं म्हणून ती भांडी उचलायची.

मला वाटे, नवरा एवढं गोड बोलतो आणि हिला त्याचं काहीच कसं नाही! एकदा तांदूळ निवडताना मी तिला तसं म्हणालो. तिनं सूप खाली ठेवलं. "अरे बाबा, तहसीलदार बी हुजूर, भाजीवाला बी हुजूर, आन् मी बी हुजूर. जे सगळ्यांना वाटत फिरत्यात, त्यात माझं म्हणून काय हाय रे?" खरं सांगतो, मला तिचंच पटलं.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आत्याला ताप भरला. वैद्यांचे काढे झाले, अंगारे झाले, अकराव्या दिवशी तिनं मला ओळखलं नाही. सरकारी डॉक्टर देवीची लस टोचायला दूरच्या खेड्यात गेलेला, आणि तहसीलदारांच्या हुकमाशिवाय तो परत यायचा नाही. हुकूम हवा तर अर्ज हवा. दुसऱ्यांसाठी हजारो अर्ज लिहिलेले मामा स्वतःसाठी पहिल्यांदा लिहायला बसले. दोन कागद त्यांनी शाईनं बरबटवले. तिसरा त्यांनी न वाचताच माझ्या हातात दिला.

तहसीलदार हैदराबादचे, कडक. नावामागचा एक किताब चुकला तरी अर्ज परत फेकणारे. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. मग ते हळूच म्हणाले, "ऐसी बीवी है तो देर क्यों की?" आणि स्वतःचा टांगा डॉक्टरला आणायला पाठवला.

डॉक्टर संध्याकाळपर्यंत आला. पुढं आठवडाभर आम्ही कुणी धड जेवलो नाही, पण ताप उतरला. आत्या पेजेवर आली, मग कुरकुर करू लागली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. एका दुपारी म्हणाली, "असं काय लिवलं व्हतं रे त्यांनी? साहेबानं सोताचा टांगा धाडला म्हणे." तिला उर्दू येत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी दप्तरातून कागद गुपचूप आणला आणि मराठी करत वाचू लागलो.

"ही बाई चौदाव्या वर्षी माझ्या घरात आली. माझ्या आईचं अंथरूण तिनं तीन वर्षं धुतलं आणि आईला कधी ओशाळू दिलं नाही. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, हे जगाला कळू नये म्हणून ती चारचौघांत माझ्या उजवीकडेच बसते. तिला आंबट सोसत नाही, तरी माझ्यासाठी रोज चिंचेचं सार करते. आमचं एकुलतं मूल गेलं, त्या दिवशी तिनं आधी मला दोन घास भरवले आणि मग ती रडली. डॉक्टर पाठवावा."

बस्स. एवढाच अर्ज.

आत्यानं कागदाकडे मान वळवली. "आन् सरकारच्या मेहरबान्या?"

"एकही नाही आत्या. साधं हुजूरसुद्धा नाही. विसरले असतील घाईत."

"पंचवीस वर्षांत न्हाई विसरले," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात मामा कचेरीतून आले. तिला उशीला टेकून बसलेली पाहून दारातच थबकले. मी कागद सतरंजीखाली सारला.

"या," आत्या म्हणाली. "बसा हितं. आज बोला तुमचं कचेरीचं. मी ऐकते समदं."

मामांनी हात जोडले, घसा खाकरला, तोंड उघडलं. आणि अख्ख्या तालुक्याला शब्द पुरवणाऱ्या त्या माणसाला एक अक्षर बोलता येईना. ते नुसते तिच्याजवळ बसून राहिले. मी उठून बाहेर आलो.

पुढं ते राज्य गेलं, कचेरीतली उर्दू गेली, आणि मागोमाग ती दोघंही गेली. माझाही संसार जुना झाला आहे. बायको समोर बसून शेंगा सोलत असते. मला तिला खूप काही सांगायचं आहे, आणि आता तरी ते सांगून टाकावं असं रोज वाटतं.