बंदुकीशिवाय बंदुकीची फिल्म

चांदूर बाजारला पडद्यावर बंदुकीचा बार उडाला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. "पुना दाखवा," मागून कोणीतरी ओरडलं. आमची फिल्म वरातीत गोळीबार करू नये म्हणून काढलेली होती.

मी सरकारी फिल्म युनिटमध्ये एडिटर होतो. म्हणजे दुसऱ्यांनी शूट केलेलं कापायचं आणि जोडायचं. साठ सालानंतरची ही गोष्ट. रानडुकरांपासून पीक राखायला मिळालेल्या लायसनच्या बंदुका लोक वरातीत मिरवायचे आणि हवेत बार काढायचे. अशाच एका बारात बँडमधला क्लॅरिनेटवाला गेला. त्याची बायको वच्छलाबाई. त्यांनी आपल्या घरावर ओढवलेलं शूट करू दिलं, पण एका अटीवर. त्यांच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं. नवरदेवाचे मामा शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बगीच्यांचा ठेका घेत आणि दुनळी बंदूक बाळगत.

"लग्नाआधी फिलम त्यायले दाखवा," वच्छलाबाई म्हणाल्या होत्या. "माह्या पोरीच्या वरातीत बार झाला नाही पायजे."

शिट्ट्या ऐकून त्या उठून निघून गेल्या. मला लाज वाटली.

चूक आमचीच होती. डायरेक्टर सबनीस यांनी बंदूक खालून शूट केली होती. खालून घेतलं की काहीही भव्य दिसतं, पुढारीसुद्धा. नळी, धूर, मिशा, सगळे क्लोजअप. बंदूकवाला इतका रुबाबदार दिसत होता की मलाच लायसन काढावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईंना विचारलं, "बार झाल्यावर पुढे काय झालं होतं?"

"काहीच नाही झालं. बँडमास्तरनं सांगतलं मले. बाजा वाजूनच राहिला होता, लोक नाचूनच राहिले होते. माणूस पडला हे कोणाले समजलंच नाही."

हे आमच्या फिल्ममध्ये कुठेच नव्हतं.

मुंबईला परत आलो आणि बंदुकीचे सगळे शॉट कापून टाकले. शूटिंग मुकं असायचं, आवाज नंतर चढवायचा. त्यामुळे बार कुठेही टाकता येत होता. मी तो बँडवाल्यांच्या चेहऱ्यांवर टाकला. बाराआधी वाजणारी चालच क्लॅरिनेटशिवाय वाजवून घेतली आणि बारानंतर जोडली. त्यावर नाचणारे पाय. कॉमेंट्री नाही. नुसते पाय, बराच वेळ.

सबनीस म्हणाले, "बंदूक कुठे गेली?"

"काढली, सर."

"अहो, बंदुकीवरची फिल्म आहे ना?"

"बंदूक लोकांनी पाहिलेली आहे, सर."

"आणि हे पाय फार लांबलेत."

"लांबायलाच हवेत."

त्यांनी फिल्म पुन्हा एकदा पाहिली. "वरून विचारणा झाली तर तुमचं नाव सांगेन," म्हणाले आणि पास केली.

लग्नाच्या आधी आम्ही ती परत चांदूर बाजारला लावली. मामांना पुढे खुर्ची दिली. क्लॅरिनेटवाल्याच्या बँडमधले सगळे जमिनीवर. फिल्ममध्ये तेच होते, म्हणून सगळे आले होते. बार झाला. क्लॅरिनेट गेली, बाकीचा बाजा चालूच. या वेळी शिट्ट्या नाहीत. एक बाई म्हणाली, "थांबवा ना तो बाजा."

दिवा लागताच मामा उठले. "लग्नाच्या तोंडावर हे काहून दाखवून राहिले?"

"तुमच्यासाठीच लावली," वच्छलाबाई म्हणाल्या.

"आमच्या घरचा रिवाज हाये. बार होईन." मामा निघून गेले. एवढी कापाकापी फुकट गेली असं मला वाटलं.

लग्नाला मी थांबलो. वऱ्हाड उतरलं होतं त्या जानोशावरून मामा दुनळी खांद्यावर घेऊनच आले. नवरदेव घोड्यावर बसला, वरात लागली. वाजवायला तोच बँड होता. बँडमास्तर गुलाबराव पुढे आले. त्यांच्या माणसांनी वाद्यं खाली ठेवली होती.

"मामा, दुनळी जानोशावर ठेवून या. मंग वाजवतो."

"तुमाले काय कराचं आमच्या बंदुकीचं?"

"तो पडला तवा आमी वाजवतच राहिलो," गुलाबराव म्हणाले. "आता नाही वाजवत."

बाजा नाही म्हटल्यावर वरात हलेना. ऊन तापलं, घोडा वैतागला. शेवटी नवरदेवाच्या वडिलांनीच मामांच्या खांद्यावरची बंदूक काढून जानोशावर पाठवली. वरात निघाली. बार झाला नाही. मांडवात वच्छलाबाईंनी पाणी आधी बँडवाल्यांना दिलं, मग वऱ्हाड्यांना.

आम्ही फिल्म बंदूक धरणाऱ्यांसाठी काढली होती. कळली ती बाजा वाजवणाऱ्यांना. तेव्हापासून ट्रायल शोला मी खुर्च्यांकडे बघत नाही. जमिनीवर बसलेल्यांकडे बघतो.