शेखरच्या शिकारीतली माझी ओळ

सुचेताचा, म्हणजे माझ्या बायकोचा फोन आला तेव्हा मी हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या गोदामात एका ट्रेलर ड्रायव्हरशी हुज्जत घालत होतो. शेखर ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या गेला, असं ती म्हणाली. अल क्वोजमधल्या त्याच्या वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी. अँब्युलन्स आली तोवर सगळं संपलं होतं. शेखर माझा साडू. खरं सांगायचं तर ते ऐकल्यावर मला पहिल्यांदा दुःख झालं नाही. माझ्या मनात आलं ते एवढंच, की हा जिन्यात गेला नाही. दोन वर्षं मी भेटेल त्याला सांगत होतो, हा माणूस एक दिवस पाठीवर तांदळाची गोणी घेऊन जिन्यातच आडवा होणार. तो तसा गेला नाही म्हणून मी क्षणभर चक्क नाराज झालो… माणूस किती हलका असू शकतो, हे मला त्या दिवशी गोदामात उभ्या उभ्या कळलं.

सुचेता थोरली बहीण, मीनल धाकटी. मीनलशी लग्न झाल्यावर शेखर दुबईत आला, त्याच्या दहा वर्षं आधीपासून मी इथे होतो. त्याला पहिलं घर मी शोधून दिलं, ड्रायव्हिंग टेस्टला तीनदा नापास झाला तेव्हा चौथ्यांदा सोबत मी गेलो. अशा उपकारांचा एक तोटा असतो. ज्याच्यावर केले, त्याला आपण आयुष्यभर शिकाऊच समजतो. घरात मला सगळे भाऊ म्हणतात, मीनल तेवढी भावोजी आणि तिची मुलगी इरा काका म्हणते. शेखर भाऊ म्हणायचा ते असं, की जणू पुढचा प्रश्न विचारायला परवानगी मागतोय. एअर कंडिशनिंगच्या कंपनीत तो इस्टिमेशन इंजिनीयर होता. कुठल्या इमारतीला किती डक्ट लागतील हे मोजण्यात आयुष्य गेलं. एक्सेल उघडल्याशिवाय त्याला भाजीही आणता येत नसे, आणि हे मी उगाच म्हणत नाही, भाजीची शीट मी पाहिली आहे.

या माणसाला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी शिकार करायची होती. घरात उंदीर निघाला तर खुर्चीवर चढून वॉचमनला हाक मारणारा हा गृहस्थ. त्याच्या ऑफिसातला डेव्ह नावाचा एक अमेरिकन निवृत्त होऊन आपल्या गावी परतला आणि तिथून फोटो पाठवायला लागला. डोंगर, पिवळी झाडं, मोठ्या कानांची हरणं. ते डोंगर सरकारी, म्हणजे सगळ्यांचे. अर्ज करायचा, सोडतीत नाव निघालं की एका हरणाचा परवाना मिळतो, मग बाहेरचा कुणीही तिथे आपल्या पायांनी जाऊ शकतो. शेखरला हरणापेक्षा हीच गोष्ट विलक्षण वाटायची. "भाऊ, गेट नाही, सिक्युरिटी नाही, एमिरेट्स आयडी विचारत नाही कोणी. फक्त लायसन्स पाहिजे आणि रूल्स पाळायचे. असं कुठे असतं का?" मी म्हणालो, "असतं ना, आमच्या गोदामामागे मोकळी जमीन आहे, जा तिथे मांजरं मार." सगळे हसले. तोही हसला. त्याची ही सवय मला फार सोयीची होती.

मग तयारी सुरू झाली. सिलिकॉन ओएसिसमधल्या त्याच्या घरी जावं तर हा सोफ्यावर लॅपटॉप घेऊन, एका बाजूला शिकारीची एक्सेल शीट उघडून, उपग्रहाच्या नकाशात डोकं खुपसून बसलेला. नवशिक्याने उगाच डोंगरभर हिंडू नये, दुर्बीण घेऊन एका जागी बसावं आणि बघत राहावं, असं म्हणे. सावलीचा उतार कुठला, पाणी कुठे, सकाळी वारा डोंगरावरून खाली वाहतो आणि ऊन तापलं की उलटा वर चढतो, हे सगळं तो मला समोशाबरोबर ऐकवायचा. त्याच्या बिल्डिंगचे बावीस मजले तो आठवड्यातून चार वेळा तांदळाच्या गोण्या पाठीवर घेऊन चढायचा. थंडीची परीक्षा घ्यायची म्हणून मॉलमधल्या बर्फात, पेंग्विन बघायला आलेल्या मुलांच्या गर्दीत, नवे बूट घालून दोन तास नुसता उभा राहिला. हरीण पडल्यावर त्याचं मांस तिथेच सोडवून पाठीवरून खाली आणावं लागतं, नाहीतर तो गुन्हा. म्हणून त्याने मटणवाल्या मल्याळी दुकानदाराकडून बकऱ्याची अख्खी तंगडी आणली आणि स्वयंपाकघरात व्हिडिओ बघत हाडापासून मांस वेगळं करत बसला. त्या दिवशी मीनल इराला घेऊन आमच्याकडे राहायला आली. दुर्बीण घेतली साडेसहाशे दिरहॅमला. "म्हणजे पंधरा हजार रुपये," मी तिथल्या तिथे हिशेब करून सांगितलं, "एवढ्यात नाशिकला सबंध बकरा येतो, तोही कापून." हे वाक्य मी पुढे निदान दहा घरांत वापरलं.

वासाचं प्रकरण तर कहर होतं. हरणाला माणसाचा वास अर्ध्या मैलावरून लागतो म्हणे. आता मीनल इथल्या शेजारणींसारखी दर गुरुवारी कपाटात बखूरचा, म्हणजे अरबी धुपाचा धूर देते, त्यामुळे त्या घरातला रुमालसुद्धा लग्नाला निघाल्यासारखा घमघमतो. शेखरने शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणाने तीनतीनदा धुतले, बाल्कनीत वाळवले आणि घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात बंद केले. त्या खोक्याला कुणी हात लावायचा नाही. मी मीनलला म्हणालो, "नवरा संन्यास घेतोय, कफनी तयार ठेवली आहे."

एकदाच, फक्त एकदाच मी त्याच्याबरोबर गेलो. मागच्या जानेवारीत, दुबईबाहेर हत्ताच्या डोंगरात. पहाटे निघायचं म्हणून मी नेहमीप्रमाणे अंघोळ करून ऊदचं अत्तर लावलं. गाडीत बसल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. तिथे एका वाळलेल्या ओढ्याच्या वर मोकाट शेळ्या चरतात, त्यांच्या नकळत शंभर पावलांवर जायचं, असा सराव होता. त्याच्याजवळ कॉर्नफ्लोअर भरलेली एक छोटी बाटली होती. ती दाबली की पांढरी भुकटी उडते आणि वारा कुठे जातो ते दिसतं. दर थोड्या वेळाने बाटली दाबून हा तिच्याकडे गंभीरपणे बघायचा. मी म्हणालो, "भजी तळायची आहेत का?" शेळ्यांनी आम्हाला वास घेऊनच ओळखलं असावं, कारण वारा पाठीमागून आला आणि सगळा कळप एका दमात कड्यावर. शेखर म्हणाला, "वारा फिरला, भाऊ." अत्तराबद्दल चकार शब्द नाही.

पण मला त्या दिवसातलं लक्षात राहिलं ते दुसरंच. चढताना हा दर अर्ध्या-पाऊण तासाने थांबायचा. कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "थांबा भाऊ, दम लागला." मग आम्ही दगडावर बसायचो, तो पाणी काढायचा, खजूर द्यायचा, पाच-सात मिनिटांनी पुन्हा निघायचो. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी पंचावन्नचा, गुडघा दुखरा, आणि हा बावीस मजले चढणारा वाघ माझ्या आधी बसतो. उतरताना मी म्हणालो, "शेखर, तू तिथे हरणाला नाही, हरीण तुला खांद्यावर टाकून खाली आणेल." तो म्हणाला, "इन्शाल्ला, भाऊ. कोणीतरी आणलं म्हणजे झालं."

उन्हाळ्यात त्याचं नाव सोडतीत निघालं. ऑक्टोबरमधला परवाना. तो स्वतः हमरियाला आला, एवढ्या उन्हात, गोदामात. रायफल डेव्ह देणार, पायथ्याला सोडणार, रोज संध्याकाळी खबर घेणार, पण डेव्हचे खुबे बदललेले, तो चढू शकत नाही. "पहिल्यांदा जाणाऱ्याने डोंगरात एकट्याने जाऊ नये असं सगळेच सांगतात. तुम्हाला गन उचलायची नाही, भाऊ. फक्त सोबत. तुम्ही असलात की मला बरं वाटेल." मी म्हणालो, "बघू." खरं म्हणजे तेव्हाच माझं नाही ठरलं होतं. थंडीची भीती होती, आणि त्याहून जास्त भीती ही, की चढता आलं नाही तर या पोराच्या देखत बसावं लागेल. हे बोलून दाखवण्याची माझी छाती नव्हती. मग मी नेहमीचं हत्यार काढलं. गणपतीला एका मित्राच्या घरी आरतीनंतर वीस-पंचवीस माणसं जमली होती, मीनल आणि इराही होत्या. कुणीतरी विचारलं, शेखर, मग शिकारीला कोण कोण? त्याने माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि ताटातला मोदक हातात धरून, त्याची ती बाटली दाबायची लकब, ते कमरेवर हात ठेवून "थांबा भाऊ, दम लागला," सगळं करून दाखवलं. मला नकला बऱ्या जमतात. लोक पोट धरून हसले. "याच्याबरोबर मी? हबीबी, मला मुलंबाळं आहेत. खलास, दुसरा हमाल बघ." शेखरही हसला. पण त्याने प्रसादाची वाटी खाली ठेवली आणि हात धुवायला गेला, आणि त्यानंतर सोबतीचं कधीच विचारलं नाही. पुढे आठ-नऊ दिवसांतच तो गेला.

शोकसभा त्यांच्याच बिल्डिंगच्या पार्टी हॉलमध्ये झाली. अशा सभांमध्ये माणसं जे बोलतात ते ऐकवत नाही. ज्यांनी त्याला कधी घरी चहाला बोलावलं नाही ते त्याला दिलदार म्हणत होते. मराठी मंडळाचे एक पदाधिकारी त्याचं नाव दोनदा चुकले. मी मनात प्रत्येकाची कुचेष्टा करत बसलो होतो, आणि माझी पाळी आल्यावर उठून काय सांगितलं? हत्ताची गोष्ट. दम लागल्याची. जरा गहिवर मिसळून सांगितली एवढाच फरक. लोक ओल्या डोळ्यांनी हसले, एकाने माझा खांदा थोपटला. मला वाटलं, छान बोललो.

लोक पांगल्यावर इरा, त्याची सतरा वर्षांची मुलगी, लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. ती इथेच वाढलेली, आपण मराठीत बोललो तरी इंग्रजीत उत्तर देणारी. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "काका, यू शुड रीड दिस. रो फोर्टी-वन. प्लीज." शिकारीची ती शीट होती, जिच्या चेष्टेवर मी दोन वर्षं पोट भरलं होतं. दिवस, वाटा, पाण्याच्या जागा, वजनं. एका रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं भाऊ. चहा, साखर अर्धी. उजवा गुडघा, उतरताना दोन काठ्या. ओझं सहा किलोच्या वर नाही, बाकी मी दोन फेऱ्या करीन. आणि एकेचाळिसाव्या ओळीत: "भाऊ स्वतःहून थांबणार नाहीत. दर ४० मिनिटांनी मीच म्हणायचं, दम लागला. हत्ताला वर्क झालं." मी ती ओळ वाचली, आणि मग वर तारीख पाहिली. शीट शेवटची बदलली होती ती गणपतीनंतर. रकाना पुसलेला नव्हता.

"ही नेव्हर टोल्ड एनीवन," इरा म्हणाली. "नॉट ईव्हन व्हेन यू डिड द ॲक्टिंग." सॉरी म्हणालो असतो तर तिने तेही इंग्रजीतच नाकारलं असतं, आणि योग्यच केलं असतं. मुलीसमोर बापाची नक्कल करणाऱ्या माणसाला मी इतर कुणाच्या बाबतीत काय म्हटलं असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. तेच मी स्वतःला म्हणतो.

हे लिहितोय त्या आठवड्यात तो त्या डोंगरावर असायला हवा होता. परवाना त्याच्या नावाचा, दुसऱ्या कुणाला चालत नाही. डेव्हने फोटो पाठवला आहे, उतारावर पहिलं बर्फ पडलंय. शोकसभेनंतरच्या पहिल्या शुक्रवारी मीनलने ते प्लॅस्टिकचं खोकं उघडलं. तिला त्याचा वास हवा होता. कपाटातल्या सगळ्या शर्टांना बखूरचा वास, त्यात तो कुठेच सापडेना, म्हणून तिने शेवटी इथे हात घातला. शर्ट तोंडाशी धरून तिने हुंगला, कॉलर उलटून पुन्हा हुंगला आणि ती म्हणाली, "काहीच नाही हो, भावोजी. काहीच येत नाही." हरणाला पत्ता लागू नये म्हणून त्याने जे केलं होतं, ते त्याने अगदी चोख केलं होतं. त्या शर्टाखाली कपड्यांचा दुसरा एक जोड होता, दोन मापं मोठा. त्यावर चिकटपट्टी लावून त्याच्या त्या इस्टिमेशनच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "भाऊ. प्लीज अत्तर नको."

तो जोड मीनलने मला दिला. मापात बसतो. हल्ली दर शुक्रवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला जातो. मी अत्तर लावत नाही. सुचेता लिफ्टने जाते आणि मी जिना घेतो. त्यांचं घर सातव्या मजल्यावर आहे. तिसऱ्या मजल्यावर गुडघा बोलायला लागतो, पाचव्यावर छाती भरून येते. मग मी कठड्याला धरून थांबतो आणि सवयीने वाट बघतो, की आता हा म्हणेल. परवा इरा खाली येत होती. मला बघून थांबली. कमरेवर हात ठेवून ती शेजारच्या पायरीवर बसली आणि मराठीत म्हणाली, "थांबा काका, मला दम लागला."