बाबांच्या खुर्चीवर काकूची पैठणी

मंडळी, आज मी सूड उगवला.

ज्या खुर्चीत बसून बाबांनी मला बाराखडी शिकवली, ती ते गेल्यावर काकूने कुणाला न विचारता भंगारात दिली होती. मी ती भद्रकालीतल्या जुन्या सामानाच्या दुकानातून शोधून आणली, तीन आठवडे घासली आणि आज सकाळी हिरवा ऑइलपेंट दिला.

दुपारी काकू लग्नाहून थेट आमच्याकडे आली, येवल्याची पैठणी नेसून. "भंगार परत आणलंस होय गं? बापासारखीच हट्टी."

"काकू, रंग ओला आहे," मी म्हणाले. एकदाच, आणि तिला ऐकू जाणार नाही इतकं हळू.

ती बसली.

खुर्चीच्या पाठीवर तिच्या पदराचा ठसा उमटलाय. तो मी घासणार नाही.

पण सांगितलं होतं ना मी? एकदा सांगणं पुरतं ना?